आठ सेकंदांत वळलेला प्रकाश

१३४ टेराबिट प्रतिसेकंद. हा आकडा २०१८ सालच्या एका शोधनिबंधातला आहे. मायक्रोसॉफ्ट आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या फायबर-जाळ्यातल्या ८,००० हून अधिक दुव्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यातून त्यांनी हिशेब मांडला, की जमिनीत एक मीटरही नवी केबल न पुरता, आहे त्याच काचेतून एवढी जादा क्षमता काढता येईल. या आकड्याचा आवाका कळावा म्हणून त्याच्या शेजारी दुसरा एक ठेवतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) माहितीनुसार २०२२ च्या अखेरीस भारतात उतरणाऱ्या सगळ्या १७ आंतरराष्ट्रीय समुद्री केबलींची, दोन्ही टोकांना यंत्रं बसवून उजळलेली एकूण क्षमता सुमारे १३८ टेराबिट होती. दोन्हींची मोजणी एकाच पट्टीने झालेली नाही. पहिल्या आकड्यात जाळ्यातल्या प्रत्येक दुव्यावरची वाढ बेरजेत धरली आहे, तर दुसरा देशाच्या वेशीवरच्या क्षमतेचा आहे. तरीही एका जाळ्यात वापराविना पडून असलेली क्षमता किती मोठी असू शकते, याचा अंदाज त्यातून येतो.

ही क्षमता दडली होती ती दुवा सुरू करताना एकदाच घेतलेल्या आणि पुढे कधीच पुन्हा न तपासलेल्या निर्णयांत. प्रकाशाच्या जाळ्यांत गेल्या दहा-बारा वर्षांत जे बदललं, त्याचं सार या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. काच तीच, लेझरही जवळपास तेच. पण कोणता रंग कोणत्या वाटेने आणि किती वेगाने जाईल, हे ठरवण्याचं काम माणसाच्या हातातून आणि यंत्राच्या कायमच्या जुळणीतून निघून सॉफ्टवेअरकडे गेलं.

आधी काचेचे आकडे पाहू. दूरच्या पल्ल्याच्या फायबरमध्ये प्रकाश मुख्यतः १५३० ते १५६५ नॅनोमीटर या तरंगलांबीच्या पट्ट्यात धावतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण बोलताना अभियंते या तरंगलांबींना सर्रास रंगच म्हणतात. हा पट्टा निवडण्याची दोन कारणं. एक, काच इथे प्रकाश सगळ्यांत कमी खाते, दर किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल. दोन, एर्बियम मिसळलेल्या फायबरचा वर्धक नेमका याच पट्ट्यात काम करतो. १९८७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठात आणि बेल लॅब्जमध्ये हा वर्धक आकाराला आला. ०.२ डेसिबल ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ८० किलोमीटरला ते १६ डेसिबल होतात, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा फक्त चाळिसावा भाग पोचतो. म्हणून साधारण दर ८० किलोमीटरवर एक वर्धक बसवावा लागतो. तो प्रकाशाचं विजेत रूपांतर न करता, सगळ्या रंगांना एकत्रच बळ देतो. या पट्ट्याची रुंदी जवळपास ४.४ टेराहर्ट्झ आहे. त्यात ५० गिगाहर्ट्झच्या घरांची आखणी केली, तर ८८ घरं मिळतात. प्रत्येक घरात एक लेझर, प्रत्येक लेझरवर १०० गिगाबिट, असं धरलं तर केसाइतक्या एका तंतूतून ८.८ टेराबिट जातात.

आता प्रत्येक लेझरवर १०० गिगाबिटच का, २०० का नाही? याचं उत्तर गोंगाटात आहे. प्रत्येक वर्धक संदेशासोबत स्वतःचा थोडा गोंगाटही पुढे ढकलतो. वाट जितकी लांब, तितके वर्धक जास्त आणि गोंगाटही जास्त. संदेश आणि गोंगाट यांचं गुणोत्तर चांगलं असेल, तर प्रकाशलहरीच्या एकेका स्पंदनात अधिक बिट भरता येतात; ते घसरलं की कमी भरावे लागतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घालून दिलेली मर्यादाच ही. जाळं उभारणारे लोक काय करत? दुवा सुरू होतानाच सगळ्यांत वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवत. लेझर जुना होईल, तुटलेल्या केबलला जागोजागी जोड येतील, उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमान हलेल, हे सगळं धरून भरपूर राखीव अंतर सोडत आणि १०० गिगाबिटवर शिक्का मारत. ही खबरदारी चुकीची नव्हती. दुरुस्तीला माणूस शेकडो किलोमीटर पाठवावा लागत असेल, तर कोणीही तेच करील. पण त्या निबंधातल्या मोजमापांनुसार १०० गिगाबिटच्या ६४ टक्के दुव्यांवर आणखी किमान ७५ गिगाबिट सहज चढू शकत होते. १३४ टेराबिटचा आकडा आला तो इथून.

मला त्याच निबंधातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. गुणोत्तर घसरलं की ठरलेला वेग पेलत नाही, आणि यंत्रणा तो दुवा ‘बंद’ म्हणून जाहीर करते. प्रत्यक्षात कित्येकदा प्रकाश पोचत असतो, फक्त तो १०० गिगाबिट वाहण्याइतका स्वच्छ नसतो. अशा वेळी वेग कमी करून दुवा चालू ठेवला, तर २५ टक्क्यांपर्यंत बिघाड टळू शकतात. म्हणजे जास्तीत जास्त चारांतला एक बिघाड हा बिघाडच नव्हता. ‘पूर्ण किंवा शून्य’ अशी व्याख्या करून आपणच तो निर्माण केला होता.

मग हे आधीच का केलं नाही? इथे आणखी एक आकडा आडवा येतो. बाजारात मिळणाऱ्या यंत्रावर लेझरचा वेग बदलायला सरासरी ६८ सेकंद लागतात, असं संशोधकांना दिसलं. त्यांच्या प्रयोगशाळेतलं फायबर १,५४० किलोमीटरचं होतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर तो साडेसात-आठ मिलिसेकंदांत तोडतो. त्या ६८ सेकंदांत तो १ कोटी ३६ लाख किलोमीटर गेला असता, पृथ्वीभोवती ३४० फेऱ्या. जिथे माल इतका वेगवान आहे, तिथे सांधा बदलायला मिनिटापेक्षा जास्त वेळ जात होता. त्यातला बराचसा वेळ लेझर बंद करून पुन्हा चालू करण्यात जातो. लेझर चालूच ठेवून बदल केला, तेव्हा हेच काम ३५ मिलिसेकंदांत झालं, सुमारे दोन हजार पट लवकर. यासाठी नवं भौतिकशास्त्र लागलं नाही. वेग वारंवार बदलावा लागेल अशी अपेक्षाच आधी कोणी ठेवली नव्हती, म्हणून यंत्र त्या दृष्टीने घडवलेलं नव्हतं, इतकंच.

इथे थोडं मागे जायला हवं. जाळ्याचा कारभार सॉफ्टवेअरने एका जागेवरून पाहावा ही कल्पना प्रकाशाच्या थरातून आलेली नाही, पॅकेटच्या, म्हणजे डेटाचे तुकडे वळवणाऱ्या, थरातून आली. २००८ मध्ये स्टॅनफर्डच्या निक मॅककोन आणि सहकाऱ्यांनी स्विचना बाहेरच्या सॉफ्टवेअरने चालवण्याची ओपनफ्लो ही पद्धत मांडली. २०१३ मध्ये गूगलने बी-फोर या आपल्या जगभरच्या जाळ्याचे आकडे प्रसिद्ध केले. तोवर लांब पल्ल्याचे दुवे सरासरी ३० ते ४० टक्केच भरलेले ठेवण्याची रीत होती, उरलेली जागा अडीअडचणीसाठी. बी-फोरमध्ये कित्येक दुवे १०० टक्क्यांच्या जवळ नेले गेले आणि दीर्घकाळाची सरासरी ७० टक्क्यांवर आली. कारण मध्यवर्ती सॉफ्टवेअरला सगळं जाळं एकाच वेळी दिसत होतं आणि कोणता डेटा थांबू शकतो, कोणता नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण या सगळ्या हिशेबात नळ ठरलेले होते. फक्त कोणत्या नळातून किती पाणी सोडायचं हे सॉफ्टवेअर ठरवत होतं. त्यापुढचं पाऊल म्हणजे नळच हलवणं.

ते हलवणाऱ्या यंत्राचं नाव रोडॅम. त्याच्या पोटात तरंगलांबी निवडणारा एक स्विच असतो. फायबरमधून आलेला प्रकाश एका जाळीवर पडून रंगांत फाकतो, आणि प्रत्येक रंग द्रवस्फटिकाच्या एका छोट्या पडद्याच्या वेगवेगळ्या पट्टीवर पडतो. पडद्यावरच्या ठिपक्यांचा नमुना बदलला, की तो रंग वेगळ्या कोनात परावर्तित होऊन वेगळ्या दाराने बाहेर पडतो. रंग कुठे न्यायचा, त्याची तीव्रता किती ठेवायची, त्याला किती रुंद घर द्यायचं, हे सगळं त्या नमुन्यात लिहिलेलं असतं. आणि नमुना म्हणजे शेवटी एक संगणकीय फाइल. घरांच्या आखणीचे आंतरराष्ट्रीय नियमही त्यानुसार लवचीक झाले. आता घराची रुंदी १२.५ गिगाहर्ट्झच्या पटीत आणि मध्यबिंदू ६.२५ गिगाहर्ट्झच्या पायरीने ठरवता येतो.

रोडॅमची खरी कसोटी केबल तुटल्यावर लागते. २०२१ मध्ये एमआयटीच्या मान्या घोबादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फेसबुकच्या अभियंत्यांसोबत, ‘अ‍ॅरो’ नावाची प्रणाली मांडली. २०१८ च्या त्या १३४ टेराबिटच्या निबंधातही घोबादींचं नाव आहे. प्रश्न साधा होता: एक फायबर तुटलं तर त्यातले रंग उचलून शेजारच्या शाबूत फायबरमध्ये का घालू नयेत? पुस्तकात हे उत्तर फार जुनं आहे. प्रत्यक्षात ते फारसं होत नव्हतं, आणि त्याची कारणं आकड्यांत सापडतात.

पहिलं कारण म्हणजे शेजारच्या फायबरमध्ये तेच घर सलग, शेवटपर्यंत रिकामं मिळावं लागतं. वाटेत रंग बदलता येत नाही. बदलायचा तर प्रकाश विजेत आणून पुन्हा नवा लेझर पेटवावा लागतो, म्हणजे पैसा. शिवाय वळसा लांबचा असतो, वर्धक वाढतात, गुणोत्तर घसरतं, आणि २०० गिगाबिटचा लेझर १०० वर आणावा लागतो. म्हणून मोजमापांतून दिसलं, की बहुतेक वेळा गेलेली क्षमता पूर्ण परत आणता येत नाही, काही भागच येतो. मग कोणता दुवा किती जिवंत करायचा? तो निर्णय केबल तुटल्यावर घ्यायला बसलं तर उशीर होतो. म्हणून अ‍ॅरो आधीच वेगवेगळ्या अपघातांच्या शक्यता मांडून ठेवते आणि त्या त्या वेळच्या मागणीला सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल असा आराखडा तयार ठेवते.

दुसरं कारण अधिक खोलात जाणारं आहे, आणि या विषयातलं मला सगळ्यांत आवडणारं उत्तर त्याच्याशी जोडलेलं आहे. वर्धक सगळ्या रंगांना एकत्र बळ देतो. एखाद्या फायबरमध्ये अचानक वीस नवे रंग घुसले, तर आधीपासून चाललेल्या रंगांच्या वाट्याला येणारं बळ बदलतं. निरपराध दुवेही डळमळतात. ते टाळायला वाटेतला एकेक वर्धक क्रमाने पुन्हा जुळवावा लागतो: मोजा, थांबा, किंचित हलवा, पुन्हा मोजा. लांब वाटेवर या कामाला दहा-वीस मिनिटं किंवा जास्तही सहज जातात. अ‍ॅरोने हा प्रश्न सोडवला नाही, तो उद्भवूच दिला नाही. फायबरमधली रिकामी घरं कायम मुद्दाम निर्माण केलेल्या प्रकाश-गोंगाटाने भरून ठेवायची. वर्धकाला नेहमी सगळी घरं भरलेलीच दिसतात. खरा रंग आणायची वेळ आली, की त्या घरातला गोंगाट बाहेर आणि संदेश आत, एवढंच. वर्धकाच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. जन्मभर ज्या गोंगाटाशी दळणवळण अभियंते झगडले, त्यालाच इथे स्थैर्य राखायला बसवलं आहे. प्रयोगात केबल तुटल्यापासून दुवा पुन्हा उभा राहीपर्यंत लागलेला वेळ होता आठ सेकंद.

आठ सेकंद आणि दहा-वीस मिनिटं यांतला फरक वर्षाच्या हिशेबात बघा. ९९.९९ टक्के उपलब्धतेचं वचन म्हणजे वर्षाकाठी सुमारे साडेबावन्न मिनिटांची सवलत. एका अपघाताला वीस मिनिटं जात असतील, तर तिसऱ्या अपघातात वचन मोडतं. आठ सेकंद जात असतील, तर तेवढ्याच सवलतीत ३९४ अपघात बसतात. अ‍ॅरोच्या लेखकांनी मोठ्या जाळ्यांवर केलेल्या संगणकीय चाचण्यांत, तीच ९९.९९ टक्क्यांची हमी कायम ठेवून २ ते २.४ पट जास्त मागणी पेलता आली. कारण अपघातासाठी राखून ठेवलेली जागा बरीच मोकळी झाली.

लांब पल्ल्याची गोष्ट इथवर. डेटा सेंटरच्या आतली गोष्ट वेगळ्या वाटेने जाते आणि तिची सुरुवात एका अपयशात आहे. १९९९ मध्ये ल्यूसेंटने लॅम्डा-राउटर जाहीर केला: सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म आरशांनी २५६ दारांमध्ये प्रकाश हवा तसा वळवणारं यंत्र. मार्च २००० मध्ये नॉर्टेलने झ्रॉस ही कंपनी सुमारे ३२५ कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घ्यायचं ठरवलं. तिच्या यंत्रात १,१५२ दारांची योजना होती. दोनच वर्षांत दळणवळण उद्योगाचा फुगा फुटला. २००२ मध्ये ल्यूसेंटने आपलं यंत्र गुंडाळलं, आणि २००९ मध्ये नॉर्टेलच दिवाळखोरीत गेली. आरसे वाईट नव्हते. पण ते केव्हा आणि कशासाठी वळवायचे हे सांगणारं सॉफ्टवेअर नव्हतं, आणि ते रोज वळवावे लागतील असा ग्राहकही नव्हता.

तो ग्राहक मिळायला बरीच वर्षं लागली. गूगलने आपल्या डेटा सेंटरांसाठी स्वतः बनवलेल्या पॅलोमार या प्रकाश-स्विचला १३६ आत आणि १३६ बाहेर अशी दारं आहेत. आलेला किरण सूक्ष्म आरशांच्या दोन ताटव्यांवरून उडून हव्या त्या दारात जातो. प्रत्येक ताटव्यावर १७६ आरसे घडवले जातात आणि त्यांतले उत्तम १३६ वापरले जातात. सूक्ष्म घडणीत काही आरसे फसणारच, हे गृहीत धरून केलेली ही योजना. आरसा नेमका किती कलला हे पाहायला ८५० नॅनोमीटरचा वेगळा किरण आणि कॅमेरा असतो. कॅमेऱ्यातलं चित्र पाहून सॉफ्टवेअर आरसा बारीक बारीक सरकवतं. प्रवासात प्रकाशाचा तोटा साधारण २ डेसिबलच्या आत राहतो, म्हणजे ६३ टक्क्यांहून जास्त प्रकाश पार होतो. अख्ख्या यंत्राची वीज जास्तीत जास्त १०८ वॅट, दर दारामागे एक वॅटही नाही. आणि आरशाला किरणावर ४० गिगाबिट स्वार आहेत की ४०० याचा पत्ताच नसल्यामुळे, वेगाची पिढी बदलली तरी यंत्र बदलावं लागत नाही.

हे यंत्र काय करू शकत नाही, हेही तितकंच स्पष्ट हवं. आरसा वळायला मिलिसेकंद लागतात. ४०० गिगाबिटच्या वेगावर १,५०० बाइटचं एक पॅकेट ३० नॅनोसेकंदांत निघून जातं. १० मिलिसेकंदांत अशी तीन लाखांहून जास्त पॅकेट गेलेली असतात. म्हणजे प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून त्याला वळवणं आरशाच्या आवाक्यातलं नाही. प्रकाशाला क्षणभर थांबवून ठेवणारी कामाची स्मृती अजून हाती नाही, त्यामुळे पत्ता वाचण्याचं काम विजेच्या स्विचकडेच राहतं. आरसे फक्त वाट ठरवतात आणि मग बराच वेळ तशीच ठेवतात.

‘बराच वेळ’ म्हणजे किती, याचं उत्तर अनपेक्षित आहे. गूगलच्या ज्युपिटर जाळ्यावरचा २०२२ चा निबंध सांगतो, की पॅकेटच्या थरातली वाटणी वारंवार बदलत असली, तरी आरशांची मांडणी काही आठवड्यांतून एकदा यापेक्षा जास्त वेळा बदलून फारसा फायदा होत नाही. मोठ्या गटांमधली वाहतूक बऱ्यापैकी स्थिर असते. तरीही लाभ मोठा आहे. जाळ्याच्या शिरोभागी असलेला महागड्या विजेच्या स्विचांचा अख्खा थर काढून टाकता आला, कारण गटांना आरशांतून थेट एकमेकांशी जोडता आलं. जुन्या-नव्या पिढीची यंत्रं एकत्र नांदू लागली आणि चालू जाळ्यातच बदल करता आले. निबंधाने दिलेली बेरीज अशी: वेग आणि क्षमता पाचपट, भांडवली खर्च ३० टक्के कमी, वीज ४१ टक्के कमी.

याच आरशांचं सर्वांत नेटकं गणित गूगलच्या टीपीयू-४ या महासंगणकात दिसतं. त्याच्यावरचा निबंध २०२३ मध्ये आला. यात ४,०९६ चिप आहेत. ६४ चिपांचा एक घन, चार गुणिले चार गुणिले चार. असे ६४ घन. घनाच्या आत तांब्याच्या तारा. प्रत्येक घनाला सहा बाजू, प्रत्येक बाजूवर १६ चिपांचं तोंड, म्हणून बाहेर जाणारे ९६ प्रकाशदुवे. समोरासमोरच्या बाजूंवरची जोडी एकाच प्रकाश-स्विचला जाते, म्हणून स्विच लागतात ४८. प्रत्येक स्विचला ६४ घनांकडून प्रत्येकी दोन दुवे, म्हणजे १२८ दारं. उरली आठ, राखीव आणि चाचणीसाठी. १३६ चा आकडा इथे अचूक बसतो.

याने काय साधलं, ते पाहायला मी एक छोटं गणित मांडतो. ते माझं आहे, गूगलचं नाही. समजा, प्रत्येक घन ९९ टक्के वेळ धडधाकट असतो. १६ ठरावीक घन तारांनी कायमचे जोडून ठेवले असतील, तर सोळाही एका वेळी धडधाकट असण्याची शक्यता ०.९९ चा सोळावा घात, म्हणजे ८५ टक्के. सगळे ६४ एकदम हवे असतील तर जेमतेम ५३ टक्के. पण आरसे कोणताही घन कोणत्याही घनाशेजारी आणून ठेवू शकत असतील, तर ६४ पैकी कोणतेही सोळा चांगले असले की पुरे, आणि ती शक्यता व्यवहारात १०० टक्केच. हजारो चिप महिनोन्‌महिने एकाच गणितावर लावताना हा फरक किती पैशांचा असेल, याची कल्पना करता येते. त्या बदल्यात मोजावी लागलेली किंमत निबंधात दिली आहे: प्रकाश-स्विच आणि त्याचे भाग मिळून एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांहून कमी, एकूण विजेच्या ३ टक्क्यांहून कमी.

सॉफ्टवेअर वाट निवडतं. वाट निर्माण करत नाही. ही मर्यादा भारताच्या किनाऱ्यावर ठळक दिसते. २०२२ च्या अखेरीस त्या १७ समुद्री केबली १४ उतरण्याच्या केंद्रांवर येत होत्या, आणि ही केंद्रं मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाच शहरांत होती. मुंबईतल्या बऱ्याचशा केबली वर्सोव्याच्या किनारपट्टीच्या छोट्याशा टापूत बाहेर पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईला येतात. वाहतूक दुसरीकडून वळली, पण मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना विलंब वाढल्याचं कळवलं आणि भारतातही संथपणा जाणवला. वळशाने १०,००० किलोमीटर वाढले, की जाण्या-येण्यात १०० मिलिसेकंद वाढणारच. त्यात सॉफ्टवेअरला काही करता येत नाही. आठ सेकंदांची पुनर्जुळणी ही दुसरं फायबर, त्यात रिकामं घर आणि पेलेल एवढं अंतर, या तिन्ही गोष्टी आधीपासून असतील तरच होते.

जमिनीवर आपल्याकडे शत्रू वेगळा आहे: खोदकाम. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं, तेव्हा असमन्वित खोदकामाने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं असं सांगितलं होतं. महाराष्ट्रातला रस्त्याकडेचा कोणताही रहिवासी या आकड्यावर शंका घेणार नाही. एक रस्ता, तीन खात्यांचे चर आणि त्यातून वर आलेल्या नारिंगी नळ्या आपण पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पाहतो.

म्हणून मला ग्रामपंचायतींना इंटरनेटने जोडणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या सुधारित आराखड्यातली एक तरतूद १,३९,५७९ कोटी रुपयांच्या मंजुरीपेक्षाही मोलाची वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या आराखड्यात ग्रामपंचायतींना सरळ रेषेऐवजी कड्याच्या रचनेत जोडायचं ठरलं, आणि फायबरवर दुरून नजर ठेवण्याची यंत्रणा बसवायचंही ठरलं. रेषेतलं गाव एका जेसीबीच्या फटक्यात तुटतं आणि पुढची सगळी गावं घेऊन तुटतं. कड्यातल्या गावाला दुसरी बाजू असते. गावपातळीच्या कड्यांवर आरसे किंवा रंगांची फिरवाफिरव लागणार नाही, पॅकेटच्या थरातलं सॉफ्टवेअरच तिथे पुरेल. पण त्यालाही वळायला दुसरी वाट लागतेच. कड्याच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या, तर नकाशावर कडं दिसेल आणि जमिनीत मात्र रेषाच राहील. फायबरच्या किलोमीटरांचे आकडे आपण नेहमी वाचतो. तालुक्यागणिक दोन गोष्टी त्यांच्यासोबत छापायला हव्यात: केबल तुटल्यापासून सेवा परत येईपर्यंत सरासरी किती मिनिटं गेली, आणि किती गावांच्या दोन वाटा खरोखर वेगळ्या चरांतून जातात. पहिला आकडा नियंत्रण कक्षाच्या संगणकात आपोआप नोंदला जातो. दुसऱ्यासाठी मात्र कोणीतरी नकाशा घेऊन रस्त्याने चालायला हवं.